लेओची खोली भाड्यानं देणे आहे

खिडकीचं सांगत होतो — उघडते, पण बंद होत नाही. म्हणजे होते, पण ते लेओलाच जमायचं, खालून गुडघा लावायचा आणि वरून — जाऊ द्या, तुम्हाला नाही जमणार. आणि या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा ट्रंपेट. रोज. बरं, रोज नाही, रविवारी. पण रविवार येतोच की दर आठवड्याला!

बसा ना. खुर्चीवर नको, पलंगावर बसा. अस्सुंता, कॉफी टाक गं, खोली बघायला आलेत! ही जाहिरात तिचीच हो. पोराला जाऊन पंधरवडा होत नाही तोवर म्हणते, रिकामी खोली बघवत नाही, कुणीतरी राहू दे. मी म्हटलं, अगं, लेओ सुट्टीला आला तर झोपेल कुठे? तर म्हणते, "तुमच्या पुस्तकावर." हसताय? हसा. सध्या घरात मला सगळेच हसतात — सगळे म्हणजे तीच, दुसरं आहे कोण!

पुस्तक माहीत नाही? 'जिथं काम, तिथं घर'. माझं. असू दे, विद्यार्थ्यांनाही माहीत नसतं, आणि परीक्षेला तेच असतं. अहो, श्रम-अर्थशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. आमच्या दक्षिणेकडची पोरं पस्तिशीपर्यंत आईच्या हातचं खात बसतात आणि काम पडलंय उत्तरेत — का जात नाहीत? लोक म्हणायचे, आळशी आहेत. मी म्हटलं, छे, घर सोडणं महाग पडतं त्यांना. मग काय, रोमला समिती, समितीत मी, आणि मंत्र्यांच्या गळी उतरवलंच — बाहेरगावी नोकरी धरणाऱ्याचं पहिल्या वर्षाचं भाडं सरकारनं भरायचं. टीव्हीवर बोलवायचे मला. सासूबाई आवाज बंद करून बघायच्या. म्हणायच्या, कोट छान दिसतो.

आता माझं समीकरण बघा — जाणारा आहे, त्याचा पगार आहे, भाडं, तिकीट, सगळ्याला एकेक अक्षर. मागे राहणाऱ्यांना अक्षरच नाही! शिल्लक होती हो, ग्रीकांकडे अक्षरांना काय तोटा. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, आणि आईचं काय?" सगळा वर्ग हसला. मीपण हसलो, चांगला प्रश्न आहे म्हणालो, आणि फळा पुसला.

तर लेओ. रेल्वेच्या ब्रेकचा इंजिनिअर, हुशार, पण जायला तयार नाही. "बाबा, थांबतो ना इथंच, निघेल काहीतरी." आणि मी — या विषयातला देशातला पहिला माणूस, बरं, देशातला नसेल, दक्षिणेतला — मी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, तक्ते पसरले, म्हटलं, बाळा, आपल्या या लेच्चेत रूळ संपतात, पुढे समुद्र. इथं तुझ्या कामाला जागा निघणार नाही. अस्सुंता रडायला लागली. मी म्हटलं, रडून आकडे बदलत नाहीत. गेला मग, पार उत्तरेला, तोरिनोला. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या, देव जाणे. आता ही दर आठवड्याला त्याला खोकं भरून पाठवते, तेल, रस्सा, घरचा पास्ता. मी म्हटलं, तोरिनोत दुकानं नाहीत का? तर माझ्याकडे अशी बघते, अशी — मला पोराची आठवण येते हो. सांगता येत नाही घरात, म्हणून तुम्हाला सांगतोय.

पण माझीच टकळी चाललीय. तुम्ही कुठले?

तोरिनोचे? आणि इकडे आलात? अहो, उलट्या दिशेनं! माझ्या सगळ्या तक्त्यांत तुमच्यासारखा माणूस नाही — आलाच चुकून, तर आम्ही त्याला गाळतो. इकडच्या मुलीच्या प्रेमात पडलात वाटतं? नाही? मग समुद्र? नोकरी! कसली हो नोकरी मिळते इथं?

काय?

ब्रेक. रेल्वेचे.

कुठे, स्टेशनामागे? नवी कार्यशाळा — कधी निघाली? उन्हाळ्यापासून पाटी लागलीय? मी नाही जात त्या बाजूला, मला काय काम तिकडे. आणि माणसं — अजून हवीत? मिळत नाहीत म्हणून तुम्हाला थेट तोरिनोहून — साहेब विचारतात, इथली पोरं गेली कुठं? हळू. हळू बोल रे बाबा, ती भिंत स्वयंपाकघराची आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे तिनं एकदा म्हटलं ना, की मरेपर्यंत म्हणेल.

काही नाही गं, अस्सुंता! कॉफी राहू दे, निघालेत ते!

ऊठ. हो, आत्ताच. खोली गेली. आत्ता गेली, तू बसल्या बसल्या. तुमच्याच कार्यशाळेतला एक पोरगा येतोय राहायला, त्याला अजून माहीत नाही. फोन करून सांगावं लागेल, तक्ता चुकला म्हणून — नाही, तक्ता नाही, बाबा चुकला म्हणून. सांगेन, सांगेन, टीव्हीवर थोडंच सांगायचंय. तू फक्त तुझ्या साहेबांचा नंबर दे, आणि जा. जाताना स्वयंपाकघरात डोकावू नकोस, ती खायला घालेल, आणि मग तू सगळं बोलशील.