इसोगाई बाईंच्या वर्गातून केपटाऊनला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या माध्यमिक शाळेच्या माजी मुख्याध्यापिका माननीय होशिकावा बाई. व्यासपीठावर विराजमान असलेले, आणि हे सभागृह खुर्च्यांसकट हसतमुखानं देणारे मच्छीमार संघाचे अध्यक्ष ताकिझावासाहेब. उरानोहामातले सर्व पालक, आजी-माजी विद्यार्थी आणि वडीलधारी मंडळी. आणि "मला हार-बिर काही नको" असं महिनाभर बजावूनही आज पहिल्या रांगेत बसावं लागलेल्या आमच्या इसोगाई फुमिए बाई, आपणा सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

मी कामाता मिहोको. सुक्या मासळीच्या दुकानाच्या माडीवर बाईंचा इंग्रजीचा जो वर्ग भरतो, तिथं आधी मी विद्यार्थिनी होते आणि पुढं बाईंच्या समोरच्या टेबलाशी बसून शिकवायला लागले. बाई आता बहिणीकडे हाकोदातेला राहायला जात आहेत. डोळ्यांनी साथ सोडली, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून जात आहेत. तेव्हा मी वर्गाच्या निकालांविषयी बोलावं अशी अध्यक्षांची अपेक्षा आहे. पण निकाल सगळ्यांना ठाऊक आहेत. या सभागृहात ज्याला ज्याला क्रियापदाला 'एस' कधी लावायचा हे कळतं, त्याला ते कुणी शिकवलं हे मी वेगळं सांगायला हवं का?

मला दुसरंच काही सांगायचं आहे. माझी आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सांगू का, म्हणून सकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग की. गावाला अर्धं माहीत आहेच, उरलेलं तरी नीट कळू दे."

माझे वडील, कामाता तोकुजी, लांब पल्ल्याच्या ट्यूनाच्या बोटीवर होते. वर्ष-दीड वर्षानं यायचे, दोन महिने घरी झोपा काढायचे आणि पुन्हा जायचे. मी माध्यमिकच्या शेवटच्या वर्गात असताना बोट परत आली, पण ते आले नाहीत. केपटाऊनच्या बंदरात उतरले आणि बोटीवर परत चढलेच नाहीत. बरोबरचे नोझाकी काका घरी आले, डोकं खाली घालून बसले आणि म्हणाले, "वहिनी, तो बरा आहे. जिवंत आहे." आई म्हणाली, "ते कळलं. येणार कधी?" काका चहा न पिताच उठले.

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात दोन रूपं शिकवायला घेतली. 'हॅज बीन' म्हणजे माणूस जाऊन आला, 'हॅज गॉन' म्हणजे गेला तो अजून तिकडेच आहे. प्रत्येकानं घरातल्या माणसावर एकेक वाक्य करायचं. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माय फादर हॅज बीन टू आफ्रिका."

मागून आवाज आला, "बाई, चूक! हिचे वडील कुठे आलेत?" तो आवाज कुणाचा होता हे मी सांगणार नाही, ते गृहस्थ आज व्यासपीठाच्या फार जवळ बसले आहेत. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कामाता, तुला काय म्हणायचंय? गेले, की जाऊन आले?"

"जाऊन आले."

"मग वाक्य बरोबर आहे. बस खाली." आणि मागच्या आवाजाला म्हणाल्या, "खरं काय ते व्याकरण विचारत नाही. तुलाही कुणी विचारलेलं नाही."

नोझाकी काकांनी पुढं आईला एक फोन नंबर दिला. वडील राहत होते तिथला. आई बाजारात दिवसभर स्क्विड साफ करायची, ती म्हणाली, "फोन लावून मी बोलू काय? हॅलोच्या पुढं माझी गाडी जात नाही." तेव्हा मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, मला फोनवरचं इंग्रजी शिकायचंय.

"परीक्षेला नाहीये ते," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

बाईंनी कशाला, कुणाशी, काही विचारलं नाही. वर्ग सुटला की त्या माझ्याकडे पाठ करून बसायच्या आणि पलीकडची बाई, पलीकडचा कारकून, पलीकडचं चिडलेलं माणूस व्हायच्या. पाठ का करायची? तर त्यांच्या तोंडाकडं बघून समजून घ्यायची सवय मला लागेल म्हणून. "फोनला तोंड नसतं, मिहोको. ऐक. जेवढं ऐकू येतं तेवढंच घे, पदरचं घालू नकोस." उताऱ्याखालचे प्रश्न सोडवतानाही त्यांचं हेच असायचं. उताऱ्यात मुलगा रडला असं नसेल, तर तुम्ही त्याला रडवायचं नाही.

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी वर्गाच्या फोनवरून कॉल नोंदवला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. आई बाजारातून तशीच आली होती, रबरी बूट घालून. "मी आत येत नाही, वास येतो," म्हणून जिन्यात बसली. बाईंनी उशी नेऊन दिली, तीही तिनं मांडीवर धरली, खाली घेतली नाही.

फोन एका बाईनं उचलला. मी पाठ केलेलं सगळं न अडखळता म्हटलं. मिस्टर कामाता आहेत का? तिनं विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, त्यांची मुलगी. मागं कुठंतरी तान्हं मूल रडत होतं. मग ती हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ते बाहेर गेलेत. सहाला घरी येतील.

मंडळी, मनात जपानी न करता मला थेट समजलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य.

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. बाईंनी विचारलं, "समजलं?"

"सगळं समजलं."

आई दारात उभी होती. "काय म्हणाली?"

मी बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. तेव्हा मी जेवढं ऐकलं तेवढंच सांगितलं. "बाहेर गेलेत म्हणाली. सहाला येतील."

"कुठं येतील?"

"होम, म्हणाली."

आईला जे दोन-चार इंग्रजी शब्द येत होते त्यांत हा एक होता. तिनं उशी झटकून बाईंच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पोरीला चांगलं शिकवलंत." पुन्हा फोन लावायचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ केला नव्हता. वाटलं, आज बाई सोडतील. बाई म्हणाल्या, "तुझ्या घरात काय झालं ते मला माहीत आहे. क्रियापदाला त्याच्याशी देणं-घेणं नाही. बस आणि कर." मी रागारागानं पानभर वाक्यं लिहिली. लिहिताना रडले. बाई समोर बसून भाताचे गोळे वळत राहिल्या आणि पान भरल्यावर एक माझ्यापुढं सरकवला. त्या वर्षी मला त्या खोलीखेरीज कुठंच बसावंसं वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

बाई घड्याळ बघताहेत. एवढं सांगते आणि थांबते.

गेल्या शरद ऋतूत वर्ग चालू असताना फोन वाजला. पलीकडे एक पुरुष होता, केपटाऊनहून. नाव ओवेन. त्यानं इंटरनेटवर आमच्या वर्गाचं पान शोधलं होतं, त्यावर माझं नाव आहे. म्हणाला, वडील वारले, झोपेतच. त्यानंतर त्याच्या आईनं त्याला सांगितलं, खूप वर्षांपूर्वी एका मुलीचा फोन आला होता.

फोनमध्ये ऐकलेलं ते तान्हं मूल आता घोगऱ्या आवाजात बोलत होतं. दोघंही अवघडलो. मग तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. रोज दाढी करताना ते एक गाणं म्हणायचे. आम्हाला कुणालाच अर्थ लागला नाही. तुम्हाला माहीत असेल का?"

आणि तो गायला लागला. शब्द पार मोडलेले, पण चाल पक्की. आपल्या बंदरातलं जाळं ओढायचं गाणं, मंडळी. इथल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. मुलांना वाचायला बसवून मी त्याला ओळी समजावल्या: वारा पडला, हात भरून आले, जाळं जड झालं. बाई समोर ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांनी पाठमोऱ्या होऊन नाक पुसलं. शेवटी एक नुसती लांब हाक आहे, 'होओ-राई'. तिचा अर्थ मला सांगता येईना. म्हटलं, विचारून सांगते.

घरी येऊन आईला विचारलं. आई हल्ली कमी ऐकते, मला दोनदा हाक मारून दाखवावी लागली.

"ते होय," ती म्हणाली. "होड्या बंदराकडं वळल्या की मारायची ती. किनाऱ्यावरच्या बायकांसाठी. आलो, भात चढवा."

मग तिनं विचारलं, "हे रोज म्हणायचे तिकडं?"

"रोज."

आई खिडकीबाहेर समुद्राकडं बघत बसली. म्हणाली, "ऐकू कसं नाही आलं गं?"

ओवेनला दुसऱ्या दिवशी मी अर्थ सांगितला. आईचा प्रश्नही सांगितला, तिच्याच शब्दांत, पदरचं काही न घालता. पलीकडून तो बराच वेळ बोलला नाही, आणि मीही फोन ठेवला नाही.

बाई, हाकोदातेला मी दर रविवारी फोन करणार आहे. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. पलीकडे तुम्ही आहात एवढं मला कळलं, की पुरे.

या व्यासपीठावर मला उभं केल्याबद्दल अध्यक्षांची, ताकिझावासाहेबांची आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना कुणाच्या घरचं काही उघडं पडलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते पोटात घाला. आई, तूसुद्धा.