जोडीला चेंडू एकच

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, गोल्फच्या मैदानाला खेटून असलेल्या दुकानात एफी हातमोजे घेऊन रांगेत उभी होती. तिच्या पुढे आर्ची, निवृत्त पोस्टमन. गल्ल्यापाशी दुकानदार ग्रेगर. आर्चीचा आवाज अख्ख्या दुकानाला ऐकू जात होता.

“नवशिक्याच्या चुका पोटात घालील अशी स्टिक दाखवा.”

“मग ही हायब्रिड घ्या. फटका वेडावाकडा बसला तरी चेंडू उडतो.”

“आणि बसलाच नाही तर?”

“बसतो हो!”

“तुम्ही माझा नेम पाहिला नाहीत. काल चेंडू जागच्या जागी आणि गवत माझ्या डोक्यावर.”

“ही गवतात अडकत नाही. डोकं जाड आहे हिचं.”

“मग जमेल आमचं.”

“पण एवढी घाई कसली? शिका की सावकाश.”

“शनिवारी नवरा-बायकोंचे सामने आहेत. जोडीला चेंडू एकच. मी मारायचा आणि तो जिथं जाऊन पडेल तिथून रोनानं मारायचा.”

“अरे बापरे!”

“लग्न झाल्यापासून ती विचारतेय, खेळतोस का म्हणून. मी आपला शहाणा, नाक मुरडत बसलो. आता हो म्हणालो, तर बिचारीचा शनिवार खड्ड्यात जाणार.”

“काल येऊन गेल्या त्या.”

“रोना? इथं?”

“वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढायची नवी स्टिक घेऊन गेल्या.”

“बघा, केवढा विश्वास आहे माझ्यावर! वैतागली होती का हो?”

“छे! गाणं गुणगुणत होत्या.”

आर्चीनं ती स्टिक उचलून खांद्यावर टाकली.

“ही बांधू नका,” तो म्हणाला. “अंधार पडेपर्यंत जरा मैदानावर जाऊन येतो.”