हात वर केला तेव्हा

माहेर माझं कैनाड, सासर गंजाडच्या आतल्या पाड्यावर, शेती दोन्हीकडे सारखीच, पावसात भात आणि मग दुसऱ्याच्या वाडीत चिकू तोडायला. पाड्यावर अंगणवाडी आली तेव्हा मला मदतनीस घेतलं, म्हणजे खिचडी शिजवायची, झाडायचं, पोरांना घरून उचलून आणायचं, आणि शिकवायला वर सेविका. आमची सेविका रिटायर होणार असं कळलं तेव्हा मी बारावी बाहेरून दिली, पास झाले, काय सांगू तुम्हाला, नवरासुद्धा म्हणाला, आता तुझीच खुर्ची, फक्त मॅडमना तोंडाने सांग की मला सेविका व्हायचंय.

तेवढंच जमेना. मॅडम म्हणजे आमच्या सुपरवायझर, वाईट नाहीत, पण त्या आल्या की मी उठून भांडी घासायला जाते, घासलेली असली तरी.

मग डहाणूला ट्रेनिंग झालं, सगळ्या सेविका-मदतनिसांचं, आत्मसन्मानावर. शिकवायला मुंबईच्या ताई, त्या म्हणाल्या, स्वतःला कमी समजू नका, रोज आरशात बघून बोला, मी करू शकते. शेजारी जानी, तीही मदतनीसच, ती हळूच म्हणते, आमचा आरसा फुटलेला, अर्धंच तोंड दिसतं, मी अर्धंच करू शकते. आम्ही हसलो. मग ताईंनी विचारलं, कोणाला पुढे जायचंय, हात वर करा. मॅडम समोरच बसलेल्या. मी म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि केला हात वर, सरळ. मॅडमनी बघितलं, मान हलवली, म्हणाल्या, हो मावशी, टाका चहा, साखर कमी.

मी उठले आणि टाकला.

जानी गॅसपाशी येऊन भांडली, अगं सांगायचं ना, चहासाठी नव्हता म्हणून. तोंडात आलं होतं. पण मॅडम इतक्या सहज बोलल्या की मलाच वाटलं, चहाचंच विचारायला केला असेल मी हात वर. आत ताई शिकवत होत्या, सगळं ऐकू येत होतं.

सेविका रिटायर झाली आणि तिच्या जागेवर पाड्यावरचीच एक नवी सून लागली, माहेर सरावलीचं, माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणते, ती म्हणते मावशी, नावाने हाक मारा, पण ते तोंडातून निघत नाही. मी बारावी झालेली हे कळलं तेव्हा तिने विचारलं, मग तुम्ही का नाही झालात सेविका. मी म्हटलं, खिचडी करपेल, आणि आत गेले. पुन्हा जागा निघेल तोवर माझं वय उलटेल, त्याला रडत नाही मी. पोरगी चांगली आहे, मुलांवर हात उगारत नाही. तिचं भलं होवो. माझं हे असंच.