मागायला आलेला पाहुणा

(जॉर्डन. करक गावाहून राजधानी अम्मानला परतीचा रस्ता, दुपार. गाडी गैदा चालवते आहे, शेजारी वॉरन. दोघंही पत्रकार, ती इथली, तो अमेरिकेचा.)

वॉरन : ...पण तहानीचे वडील दारापर्यंत सोडायला आले, गैदा. माझा हात हातात धरून ठेवला. मला तर वाटतं, बऱ्यापैकी झालं.

गैदा : तहानी कुठे आहे?

वॉरन : म्हणजे?

गैदा : मागच्या सीटवर बघ, आहे का. तिला न्यायला गेलो होतो आपण. रविवारी अम्मानला पोरीची नर्सिंगची शेवटची परीक्षा, आणि गाडीत आपण दोघंच.

वॉरन : विषय तूच काढू दिला नाहीस. मी तोंड उघडलं की डोळे वटारत होतीस.

गैदा : तोंड उघडून काय उपयोग होता? तू कॉफी प्यायलास.

वॉरन : प्यायलो. चांगली होती.

गैदा : मागायला आलेला पाहुणा कॉफी पीत नाही, वॉरन. पेला पुढ्यात ठेवून बसतो. मग यजमान म्हणतो, प्या, तुमचं काम झालं. तेव्हा प्यायची. तू तर एका घोटात संपवलीस, वर आणखी मागितलीस.

वॉरन : म्हणजे त्यांना वाटलं...

गैदा : की सहज आलो. ख्यालीखुशाली विचारायला.

वॉरन : तरी सरळ मागितलं असतं तर? अबू सक्र काही वाईट माणूस नाही. मुलीवर जीव आहे त्यांचा.

गैदा : जीव आहे म्हणून तर! त्यांना हो म्हणायचंच होतं रे. पण शेजारी त्यांचे दोघे भाऊ बसले होते ना? दवाखान्याच्या मालकाच्या धमक्या आल्यापासून त्यांचं एकच, पोरगी घराबाहेर पडणार नाही. भावांचा शब्द मोडायचा तर निमित्त हवं. पाहुणा पेला ठेवून बसला, नाही म्हणवेना, एवढं पुरलं असतं. तेही तू पिऊन टाकलंस.

वॉरन : गाडी वळव. परत जाऊ.

गैदा : आता गेलो तर भांडण होईल. भाऊ म्हणतील, मघाशी काय दातखीळ बसली होती?

वॉरन : तहानीचा तो व्हिडिओ मी लगेच काढून टाकला होता, गैदा.

गैदा : तुझ्या साइटवरून. करकमधल्या फोनाफोनांतून कोण काढणार? बैल गेला आणि झोपा केला.

वॉरन : तिनेच पाठवला होता. चेहरा झाकला नव्हता. आमच्याकडे ही परवानगीच समजतात.

गैदा : दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात, ते तुला दिसावं म्हणून पाठवला. तुला दाखवला म्हणजे गावाला दाखवला?

वॉरन : विचारायला हवं होतं. ती चूक माझी. पण आजचं माझ्यावर ढकलू नकोस. आज मला शिकवलंय तसाच वागलो.

गैदा : कुणी शिकवलं असलं?

वॉरन : तू.

गैदा : मी?

वॉरन : ते ऑनलाइन शिबिर. अरब आणि अमेरिकी पत्रकारांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून. तुझं सत्र होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत पहिलाच नियम : अरबाच्या घरी कॉफी कधीही नाकारू नका. तेव्हापासून एकदाही नाकारलेली नाही मी. छातीत जळजळ होते, तरी पितो.

गैदा : पुढचंही सांगायचं होतं. पण तुमच्याकडची मंडळी एकेक करून पडद्यावरून गळत होती. म्हटलं, इतक्या खोलात कोण शिरतंय. यांना एवढंच पुरे.

वॉरन : आणि आज सकाळी?

गैदा : सकाळी वाटलं, इतकी वर्षं अम्मानमध्ये काढलीस, एवढं तरी माहीत असेल.

वॉरन : तुझा फोन वाजला.

गैदा : तिच्या आईचा नंबर. निरोप दिसतोय. तूच लाव, माझ्याने ऐकवणार नाही.

तहानी (फोनवरचा निरोप) : गैदाताई, हळू बोलतेय, आईचा फोन घेतलाय. तुम्ही आलात, बरं वाटलं. वॉरनसाहेबांना सांगा, मी रागावलेली नाही. आईने माझं सामान बांधून ठेवलं होतं, ते आता सोडतेय. काका मघाशीच गेले. बाबा अजून बैठकीच्या खोलीतच आहेत, जेवायलाही उठत नाहीत. मला सारखं विचारताहेत, "का गं, त्यांना आपल्याकडून काहीच नको होतं का?"