थोरली काय म्हणते?

बटाटे नाहीत हो हे! आणि रताळीही नाहीत! खालच्या मजल्यापासून इथवर जो भेटेल तो तेच विचारतोय, 'काय, स्वस्त मिळाले वाटतं?' अहो, डेलियाचे कंद आहेत हे, फुलझाडाचे! फुकट मिळालेत, आणि फुकटची वस्तू इतकी जड असते हे मला आज कळलं. लिफ्टलाही बंद पडायला आजचाच मुहूर्त सापडला. निम्म्या जिन्यात कंबर बोलायला लागली, म्हणून टेकलोय या पोत्यावर. आता मी टेकलोच आहे आणि तुम्हीही थांबलाच आहात तर ऐका, आणि ऐकून झालं की सांगा, यात माझी चूक काय? तुम्हाला सांगतो, मी नुसतं 'हो' म्हणालो होतो!

त्याचं असं झालं. माझे सासरे. आवाज असा की यांना फोन कशाला लागतो, खिडकी उघडून बोलले तरी पोचेल. जन्मभर बाग केली माणसानं. पण सासूबाई गेल्या, मोठं घर एकट्याला झेपेना, विकलं आणि माझ्या मेव्हण्याकडे राहायला निघाले. मेव्हण्याचा फ्लॅट म्हणजे खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत, कुंडी ठेवायची तर माणसानं बाहेर उभं राहायचं. तर जाता जाता ते आमच्याकडे आले, हातात कागदी पिशवी, पिशवीत भुश्शात गुंडाळलेला कंदांचा गड्डा, आणि म्हणाले, 'जावईबापू, ही थोरली.' मी आपलं त्यांच्या मागे बघितलं, म्हटलं बरोबर कोणी बाई आल्यात की काय! तर थोरली म्हणजे तो गड्डा! सासूबाईंनी लग्नानंतर लावलेलं पहिलं झाड, ताटलीएवढं गर्द लाल फूल, दरवर्षी त्याच कंदातून वर येतं. 'तिच्या हातचं एवढंच राहिलंय बघा,' म्हणाले, आणि तो एवढा मोठा आवाज एकदम खाली आला हो… बायको माझ्या कानात, 'अहो, नुसतं हो म्हणा ना, बाबांना बरं वाटेल!' आता मी चष्म्याच्या दुकानातला माणूस, माझ्या घरात प्लॅस्टिकचा वेलसुद्धा सुकलाय! पण समोर सासरे, कानाशी बायको, मी काय म्हणणार? 'हो' म्हणालो!

मग बसलो मोबाइलवर व्हिडिओ बघत. त्यातली बाई हसत हसत सांगते, 'गड्डा असा कापायचा, म्हणजे एकाची दोन झाडं, दोनाची चार!' म्हटलं वा, सासरे खूश, बायको खूश! उठलो, सुरी आणली. त्या गड्ड्यात दोन-तीन कंद असे गुटगुटीत, तुकतुकीत, की गालगुच्चा घ्यावा. आणि एक होता जुन्या वाळक्या देठाला चिकटलेला, सुरकुतलेला, वाकडा, बघवत नव्हतं. मी गुटगुटीत तेवढे कापून घेतले आणि त्या म्हाताऱ्याला देठासकट कचऱ्यात टाकायला निघालो. तर दारात शेजारच्या सिस्टर! हॉस्पिटलात नर्स आहेत त्या, ड्यूटी संपवून येत होत्या. 'टाकताय? द्या इकडे, माझा एक डबा रिकामाच पडलाय.' मी म्हटलं, 'न्या की! पण जगायचा नाही हो तो.' किती उदार मी! आता मला काय ठाऊक, मी सुरी आणायला उठलो तेव्हा व्हिडिओतली बाई काय सांगत होती? ती सांगत होती, कंदाला डोळा असावा लागतो, आणि तो असतो मानेशी, त्या जुन्या देठाजवळ. डोळा नसेल तर कंद कितीही बाळसेदार असो, जन्मात कोंब फुटायचा नाही! बायको नंतर म्हणाली, 'दिवसभर लोकांचे डोळे तपासता, आणि हा एक दिसला नाही?' बोला!

पण ते नंतर. तेव्हा मी आपला कुंडीत ते गुटगुटीत पुरून रोज पाणी घालतोय. सकाळी घालतोय, संध्याकाळी घालतोय, दुपारी ऊन वाढलं म्हणून दुकानातून फोन करून बायकोला घालायला सांगतोय! आणि रोज उकरून बघायचो. पाळण्यातल्या पोराचं पांघरूण काढून बघतात ना, तसं. सिस्टर त्यांच्या बाल्कनीतून बघायच्या. बाल्कनी काय, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. म्हणायच्या, 'भाऊ, तो पेशंट आहे का मासा? आणि सारखं उघडून काय बघताय, टाके तरी सुकू द्या!' मी हसण्यावारी नेलं. एक दिवस उकरायला बोट घातलं तर बोट सरळ आरपार! सगळा लगदा, आणि वास तर असा की मांजरसुद्धा आमच्या बाल्कनीतून उठून गेलं.

बायको चिडली असती तर परवडलं असतं हो. चिडली नाही. कुंडीजवळ बसली आणि रडायला लागली. 'आईचं होतं हो ते…' एवढंच. मला इतकं वाईट वाटलं, तुम्हाला सांगतो, मी नजर चुकवून शेजारी बघायला लागलो… आणि शेजारी सिस्टरच्या डब्यात, तो म्हातारा, तो वाकडा, त्यानं दोन टपोरे कोंब काढलेले!

आणि नेमका फोन वाजला. सासरे! रोज फोन करायचे, ना नमस्कार ना चमत्कार, पहिला प्रश्न, 'थोरली काय म्हणते?' मी कठड्यावरून वाकून बघत म्हटलं, 'कोंब आलेत, बाबा. दोन.' खोटं आहे का? सांगा, खोटं आहे का? थोरलीला कोंब आलेच होते, फक्त पत्ता मी सांगितला नाही! मग तेच सुरू झालं. 'थोरली काय म्हणते?' वाकायचं, बघायचं, 'पानं आली बाबा.' 'किती?' 'थांबा हं…' अजून वाकायचं! एकदा बायकोनं मागून शर्ट धरला म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय. आणि मग सासरे म्हणाले, 'आता शेंडा खुडा. खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. खुडाल ना?' मी काय म्हणालो? 'हो' म्हणालो!

आता शेजारणीच्या झाडाचा शेंडा खुडायचा कसा? गेलो, दार वाजवलं, सगळं सांगून टाकलं. सिस्टर कमरेवर हात ठेवून, 'म्हणजे चांगल्या धडधाकट पेशंटचं मी मुंडकं उडवू?' म्हटलं, 'सिस्टर, त्यानं झाड भरतं. आणि तो शेंडा मला द्या. त्यापासून दुसरं झाड होतं, कटिंग लावून, अगदी तेच फूल येतं!' हे सगळं मी त्याच व्हिडिओत बघितलं होतं, या खेपेला शेवटपर्यंत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कात्री उकळत्या पाण्यातून काढली, आणि पेराच्या खाली कच्चकन… मी डोळेच मिटून घेतले हो! खालची पानं काढली, ओल्या वाळूत खोचलं, वरून बाटली कापून पालथी घातली आणि मला दम दिला, 'हात लावायचा नाही. उपटून मुळं बघायची नाहीत. पाणी मी सांगेन तेव्हा. भेटायची वेळ संध्याकाळी, तीही बाटलीच्या बाहेरून!' मी गुमान मान डोलावली. तुम्हाला सांगतो, काही न करता नुसतं बसून राहणं इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. पण जगलं! उंची वीतभर, काडी एवढीशी, तिला आधाराला दुसरी काडी, आणि वर एक कळी!

आणि आज सकाळी सासरे दारात. न सांगता! बायको म्हणाली, 'पटकन सिस्टरचं मोठं झाड मागून आणा, फुललंय चांगलं!' धावलो, तर सिस्टरच्या दाराला कुलूप, ड्यूटीवर! मग काय, मी कुंडीसमोर उभा राहिलो, जरा रुंद होऊन. सासऱ्यांनी मला बाजूला केलं, वाकले, मुळाशी बोट घातलं. 'जावईबापू, हे कंदातून आलेलं नाही.' मग डोकं वर केलं. शेजारच्या बाल्कनीत ही भलीमोठी थोरली, ताटल्या ताटल्या घेऊन उभी! 'आणि ही तिकडे काय करतेय?' म्हटलं संपलं. सांगितलं सगळं, लगद्यासकट.

मला वाटलं, आता आवाज चढणार. तर ते परत वाकले, त्या एवढ्याशा कळीला बोटानं शिवले आणि म्हणाले, 'आलीस का?' बस. बायकोनं पदर तोंडाला लावला, आणि मी… माझ्या चष्म्यावर काहीतरी उडालं होतं. मग म्हणाले, 'पहिला कंद सगळेच मारतात. मीही मारलाय, हिच्या आईनं अबोला धरला होता. पण मारल्यावर शेजारणीच्या दारात जाऊन हात पसरून परत आणणारे तुम्हीच. मी ठरवूनच आलो होतो, थोरली जगली असली तरच धाकट्या द्यायच्या.' म्हटलं, 'धाकट्या?' 'खाली गाडीत आहेत. घर घेणाऱ्यांना आता बागेत फरशी घालायचीय, काल जाऊन सगळ्या उकरून आणल्या. तुमचा मेव्हणा घरात घेत नाही. सांभाळाल ना?' तोंड उघडलं मी नाही म्हणायला, अगदी ओठावर आलं होतं… आणि सासऱ्यांचा तो आवाज, तुम्हाला सांगतो, तो आवाज परत तसाच खाली आला.

तर हे असं. खाली गाडीपाशी अजून दोन पोती आहेत. वर सासरे आता प्रत्येकीचं नाव सांगणार आहेत, ते संपेपर्यंत मला उसंत नाही. तुम्ही रिकाम्या हातानं वरच चाललाय ना? मग या पोत्याचं ते टोक धरता का जरा? आणि बाल्कनी मोठी आहे म्हणे तुमची… छे हो, एवढं काय घाबरताय? नुसतं 'हो' म्हणा, मला बरं वाटेल!