टोपलीचं अस्तर

हॅलो? … हॅलो, सांगली? … डॉक्टरांचा दवाखाना ना? … कोण, शरयू? अगं, मी आजोबा. साताऱ्याहून. … शेजारच्या लालासाहेब वकिलांच्या घरून बोलतो आहे. … रडतेस कशाला?

तुझ्या बाबांचा निरोप आला. कालपासून जेवली नाहीस म्हणे. … गुलाब? कोणता गुलाब? … हां, तुमच्या शेजारच्या रंगूबाईंचा. त्यांच्या मुलानं, हंबीररावानं, लढाईवर जाताना लावून दिलेला. … आणि कडेगावला जाताना त्या तुझ्यावर सोपवून गेल्या. … बरं. … मरतोय म्हणजे?

हो, हो… अगं ऐक ना. एकेक सांग. … मांजरानं कुंडी पाडली. मग? … बुरुडाची टोपली घेतलीस, आतून पोत्याचं अस्तर लावलंस. दिवाळीत आपण दोघांनी केलं होतं तसंच. … कडेला दाभणानं टाचलंससुद्धा? शाबास! … का नको म्हणू? काम नीट केलंस, तर म्हणणारच.

टोपली दवाखान्याच्या पडवीतच आहे ना? जा, पानं नीट बघून ये. … लालासाहेब, झालंच हं. …

हं, बोल. … कडेनं करपलीत, मधे हिरवी. … पाणी? … रोज नाही? का गं? … पोतं हाताला सदा ओलसर लागायचं, म्हणून. … चैत्राच्या उन्हात, पाणी न घालता ओलसर? असं का झालं असेल? … नजर? … स्वयंपाकाच्या मनुबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या? टोपलीत नाही ना टाकल्या? … चुलीत. मग ठीक.

शरू, ते पोतं कुठून घेतलंस? … कोठीतून. रिकामं होतं, बरोबर. पण त्याआधी काय होतं त्यात? … माहीत नाही? मग पोत्यालाच विचारू. वरच्या कडेचा एक धागा तोडून आण. … हो, आत्ता. … आणलास? जिभेला लाव. … थू थू काय करतेस, कसा लागला ते सांग.

खारट.

… हो. आईनं कैऱ्यांचं लोणचं घातलं, त्या मिठाचं पोतं असेल. … मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून पोतं ओलं. आणि मुळांच्या तोंडचं पाणीही तेच पळवतं. कळलं? … हो, चूक तुझीच. पण आता रडू नको, हात मोकळे हवेत.

ते अस्तर उसव. मुळांभोवतीची माती हलक्या हातानं सोडव. मुळं साध्या पाण्यात बुचकळ, पुन्हा स्वच्छ पाणी घे, पुन्हा बुचकळ. … परसात केळ आहे ना? तिच्या खुंटाचं सुकं सोपट काढ. … तेच, सालीसारखं निघतं ते. टोपलीला आतून लाव, एकावर एक चढवून. खाली मात्र फट ठेव, पाणी तुंबायला नको. … नवी माती. खत नको. सावलीत ठेव.

… जगेल का? … मला ठाऊक नाही, बाळ. … खोटं कसं सांगू? फांदीची साल नखानं खरवड बघू. … हिरवी? मग अजून जीव आहे. एवढंच सांगता येईल.

… काय? बाजारातून तसाच दुसरा आणायचा? … हो, रंगूबाईंना कळणार नाही, तेही खरं. … पण हंबीररावानं लावलेला तो हाच ना गं?

… कुणाचा आवाज तो? … रंगूबाई आल्यासुद्धा? फाटकाशी? … नाही, मी नाही सांगणार त्यांना. … अगं ऐक ना. रोप तुझ्यावर सोपवलं होतं, माझ्यावर नाही. … मी इथेच आहे. फोन बंद करू नको, तसाच टेबलावर आडवा ठेव आणि बाहेर जा. … जा.

…

हॅलो? … हो, एक्स्चेंज, वेळ संपली, ठाऊक आहे. वाढवून द्या. … नाही, बोलायचं काही नाही. नुसतं ऐकायचं आहे. … द्या हो.

… श्श, लालासाहेब. … सांगतेय. … मिठाचंही सांगितलं. …

… ‘खुरपं कुटं हाय गं?’ रंगूबाई म्हणाल्या.

… दोघी परसात गेल्या वाटतं. काही ऐकू येत नाही आता. … घ्या लालासाहेब, ठेवा जागेवर.