ब्रेक लागलाच नाही

(समजा, तुम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला आहात. खाली मागच्या अंगणात एक सायकल उलटी उभी केली आहे, चाकं वर, सीट खाली. एका बाजूला आईचे मामा, म्हणजे मुलांचे मामाआजोबा, बाह्या वर सारून. दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची भिंगरी, हातात साबणाच्या पाण्याचा मग. सायकल तिच्या मोठ्या भावाची, दादाची. काही बोलू नका. नुसतं ऐका.)

मामाआजोबा : ...म्हणून आधी ऐकायचं, मग पान्ह्याला हात लावायचा. डॉक्टर आधी छाती तपासतो की सुई टोचतो?

भिंगरी : आमचे आधी सुईच टोचतात.

मामाआजोबा : मग डॉक्टर बदला. हं, फिरव चाक. मी ब्रेक दाबतो.

भिंगरी : काहीच आवाज नाही.

मामाआजोबा : तेच तर नवल. मागच्या महिन्यात आलो होतो, तेव्हा दादा चौकात ब्रेक मारायचा आणि इथे मांजर पळायचं. आणि चाक बघ, थांबलं का?

भिंगरी : फिरतंय अजून.

मामाआजोबा : मी पूर्ण दाबलाय. रबर रिमवर घट्ट टेकलंय, तरी चाक आपलं चाललंय. म्हणजे दादा खरं बोलत होता.

भिंगरी : बाबा म्हणाले, थापा मारतो. उतारावर शायनिंग मारत होता, म्हणून पडला. त्यांनी दाबून बघितला ना ब्रेक.

मामाआजोबा : दाबून बघितला. हाताला घट्ट लागला, झालं समाधान. चाक फिरवून कोण बघतो? तीन दिवस तो पोरगा एकच वाक्य बोलतोय, ‘ब्रेक लागलाच नाही.’ थापाड्या माणूस रोज नवी थाप मारतो बाळा, एकच घेऊन बसत नाही.

भिंगरी : आता तो कोणाशीच बोलत नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं जेवतो. भिंतीकडे तोंड करून.

मामाआजोबा : हं. आणि तुझ्या बाबांचं एकच, खोटं बोलणाऱ्याला सायकल नाही, उद्या विकून टाकणार. ते फडकं दे. दे नको, तूच पुस. रिमच्या कडेनं, सावकाश. काय आलं?

भिंगरी : काळं.

मामाआजोबा : हुंगून बघ.

भिंगरी : ...आईच्या शिलाई मशीनसारखा वास येतोय.

मामाआजोबा : तेल! तरीच. तळवे पुढे कर. एकमेकांवर दाब आणि घास. जोरात. काय होतंय?

भिंगरी : गरम होतायत. अडकतायत.

मामाआजोबा : आता मगात बुडव आणि तसेच घास.

भिंगरी : सटकतायत.

मामाआजोबा : बस, हाच ब्रेक. रबर रिमला घासतं, धरून ठेवतं, म्हणून चाक थांबतं. तेलकट हातात मासा कधी राहिलाय? हा उद्योग दादाचाच. सोळा वर्षांचा घोडा झाला! आवाज बंद करायला तेल ओतलंन आणि गेला उतारावर. येऊ देत तुझे बाबा. सांगतो, मुलगा खोटं बोलला नाही, गाढवपणा केला.

भिंगरी : म्हणजे त्याला परत बोलणी?

मामाआजोबा : मग? तेल काय आभाळातून पडलं?

भिंगरी : ...मी रबर घासू?

मामाआजोबा : घास. हा घे पॉलिश पेपर. वरचा चकचकीत थर जायला हवा, आत मऊ लागेल. अगं हळू! भांडी नाही घासत आहेस. संपवशील ते रबर... भिंगरे? काय गं, रडतेस?

भिंगरी : तेल मी घातलं.

मामाआजोबा : ...कधी?

भिंगरी : बुधवारी, शाळेत जायच्या आधी. दादा आंघोळीला गेला होता. चारही रबरांना. आधी दोन दोन थेंब. मग अजून ओरडत होतं, म्हणून आणखी.

मामाआजोबा : आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. पण तेलाचं तुझ्या डोक्यात आलं कुठून?

भिंगरी : तुम्हीच सांगितलंत ना. आईच्या मशीनपाशी. कुरकुरलं की दोन थेंब. दाराच्या बिजागरीलाही माझ्याकडूनच घालून घेतलंत. शाबास म्हणालात.

मामाआजोबा : मी? शाबास म्हणालो?

भिंगरी : रागावलात?

मामाआजोबा : नाही. आठवतोय. खरंच म्हणालो होतो. जे फिरायला हवं त्याला तेल, जे धरायला हवं ते कोरडं. हे दुसरं वाक्य बोलायचं राहिलं माझं. चाळीस वर्षं कारखान्यात नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो, आणि तुला अर्धा धडा शिकवून शाबासकी मात्र पुरी दिली.

भिंगरी : दादाचा हात माझ्यामुळे मोडला?

मामाआजोबा : हो. तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे. नाही म्हटलं असतं तर तुला खरं वाटलं असतं?

भिंगरी : नाही.

मामाआजोबा : मग.

भिंगरी : तुम्हीच सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतात ते.

मामाआजोबा : माझ्या वाटचं मी सांगणारच आहे. तुझ्या वाटचं मी सांगितलं, तर ती चुगली झाली.

भिंगरी : ओरडतील.

मामाआजोबा : ओरडतील. माझ्यावरही ओरडतील, आणि मला तर आता सवयही राहिली नाही. पण आधी हे पुरं करू. नट उघडा टाकून उठायचं नाही. दोन्ही चाकांच्या कडा साबणाच्या पाण्यानं पूस, मग कोरड्या कर... हं. तो पुठ्ठ्याचा तुकडा दे. रबराची पुढची कड रिमला आधी टेकायला हवी, मागची किंचित नंतर. दोन्ही एकदम टेकल्या की रबर थरथरतं, तोच तो आवाज. म्हणून मागच्या कडेखाली पुठ्ठा धरायचा... अस्सा... आणि आता पान्हा. आवळ. पुठ्ठा ओढून घे. उरलेली तीन तशीच घासून तू बसव.

भिंगरी : हे झालं. हे पण. ...आणि हे.

मामाआजोबा : आता फिरव. जोरात. दाब!

भिंगरी : थांबलं! आणि ओरडलं पण नाही.

मामाआजोबा : कोरडं असून ओरडलं नाही. याला म्हणतात दुरुस्ती. अगं, जिना चढून निघालीस कुठे? हात तरी धू!

भिंगरी : नंतर! ...दादा. दादा, आत येऊ?

दादा : मला भूक नाही म्हणून सांग आईला.

भिंगरी : जेवायला बोलवायला नाही आले. ब्रेकला तेल मी घातलं होतं. म्हणून तो लागला नाही.

दादा : काय?

भिंगरी : मी घातलं होतं. मामाआजोबांनी चाक फिरवून बघितलं. तू खरंच दाबला होतास.

दादा : तीन दिवस. तीन दिवस सगळे मला खोटारडा म्हणतायत. मलाच वाटायला लागलं होतं, की घाबरून मीच दाबला नसेल.

भिंगरी : दाबला होतास.

दादा : तुला सांगितलं कोणी होतं हे नसते उद्योग करायला?

भिंगरी : कोणी नाही. चौकातली मुलं तुला ‘आलं डुकराचं पिल्लू’ म्हणायची. ब्रेकच्या आवाजाला.

दादा : मला काही वाटत नव्हतं त्याचं.

भिंगरी : मग चौकाच्या अलीकडेच उतरून सायकल हातात धरून का चालायचास? मी गच्चीतून बघायचे.

दादा : ...बाबांना सांगितलंस?

भिंगरी : नाही. आधी तुला. आता ते जेवायला येतील ना, मी फाटकापाशी उभी राहते. घरात पाऊल टाकायच्या आधीच सांगते.

दादा : मी येऊ?

भिंगरी : नको. तू दिसलास की ते आधी तुझ्यावरच सुरू होतील.

दादा : बरं, जा. आणि चप्पल घालून जा, फरशी तापली असेल.